मोजदाद

पंचवीस रुपये तिकीट. लहानांना माफ.
खिडकीतली बाई सुटे मागते,
पावतीवर शिक्का मारते: एकदाच प्रवेश.

होडीत आम्ही चौदाजण.
अब्बास बोटाने मोजतो, पोरांनाही अर्धं धरत नाही.
"हितं डोकं म्हंजे डोकं," म्हणतो
आणि इंजिनाची दोरी ओढतो.

बेट जवळ येतं तसं ठेंगणं होत जातं.
घरात ऐकलेलं बेट फार उंच होतं.
पणजोबा, धाकू शिपाई, तिथे कामाला होते.
महिना सात रुपये, वर तांदूळ.
काम एवढंच: सकाळ-संध्याकाळ कैदी मोजायचे.
आम्ही हे कुणाला सांगत नाही.
कैद्यांची नातवंडं येतात इथे, मान ताठ,
फुलं वाहतात, दाराशी फोटो काढतात.
शिपायाच्या पणतीने काय वाहावं?

पायऱ्यांवर शेवाळ, कडेला धारदार कालवं.
निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं: संरक्षित स्मारक.
खाली बारीक: नासधूस करणाऱ्यास कैद.
कॉलेजातला एक मुलगा मोठ्याने वाचतो आणि हसत सुटतो.

कोठडी नंबर नऊ.
छप्पर गेलंय. आत एक रुई,
वेफर्सची रिकामी पिशवी,
समुद्राकडच्या भिंतीत हातभर झरोका.
चपलेचा बंद नीट करायला उंबरठ्यावर टेकते
तर बोटांना रेघा लागतात.

चौकोनात चौकोन, त्यात आणखी एक.
नवकंकरीचा पट.

गज कधीच भंगारात गेले,
त्यांची भोकं आहेत, कडेला शिसं चिकटलेलं,
बरोबर पटाच्या मधून.
अर्धा पट आत. अर्धा बाहेर.

बाबा खेळताना एक नियम लावायचे,
आळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता:
पहिली कंकरी समुद्राकडून.
चिपळुणात कुठला समुद्र!
तरी पश्चिमेला बसेल त्याची पहिली खेळी.
का, विचारलं तर, "असंच शिकलोय."

इथे समुद्राची बाजू आतली आहे.

म्हणजे सकाळी मोजलेल्या माणसाला
संध्याकाळी पुन्हा मोजायचं,
आणि मधल्या वेळात
पहिली खेळी त्याला देऊन
कधीकधी हरायचंही?
की हे सगळं मीच जुळवतेय?
पट कुणीही कोरला असेल,
गज गेल्यावर, सहलीला आलेल्या दोन रिकामटेकड्यांनी.
दगड काही बोलत नाही. दगडाला काय पडलंय.

धक्क्यावरून हाक येते: "पानी फिरलंय, चला!"
मग आकडे, वाऱ्यावर तुटत तुटत.
अकरा. बारा. तेरा.
पुन्हा पहिल्यापासून.
तेरा.

ओ द्यायला हवी.
चाचपडून एक शिंपला उचलते,
आतल्या कोपऱ्यावर ठेवते.
आता बाहेरच्याची पाळी.

"एक कमी हाय," अब्बास ओरडतो,
"एक मानूस कमी हाय!"