लिंबू थांबेपर्यंत

मोरेश्वरने वडाळा यार्डात सत्तावीस वर्षं डबे जोडले,
म्हणून पहाटे चारला कुर्ल्याच्या वर्कशॉपात
तो कुणाचंच ऐकेना.
गोळ्यावर कपलर बसला, खटका पडला, पिन आत गेली,
दोन्ही साखळ्या खालून फुलीसारख्या ओवल्या,
तरी हा जॅक फिरवून बघणार:
जीपची शेपटी सोबत उचलली जातेय का.
उचलली गेली. तेव्हा कुठे चहा प्याला.

इर्शाद मिस्त्रीने तीन लिंबं आणली होती.
नव्या ट्रेलरला चाकं दोनच.
दोन चिरडली,
तिसरं मी डॅशबोर्डवर ठेवलं.

जीप मी चालवणार, यात वाद नव्हता.
त्याने आयुष्यभर जोडलं, चालवलं काहीच नाही.
टिळकनगरची आमची इमारत
पाडायला घेतली, आणि बिल्डरने दीड वर्षाच्या भाड्याचा चेक दिला.
त्या चेकची ही खोली:
चौदा फूट लांब, खिडकीला जाळी,
ओटा म्हणून एक पत्र्याची फळी, जिच्यावर
पोळी लाटली तर कुर्ल्यापर्यंत ऐकू येईल.

वळण उशिरा घे, तो सांगत होता,
आपण वळलो तरी ते अजून वळायचंय.
पवईच्या चढावर बरं होतं.
बोरिवलीच्या पुलावरून उतरताना काटा साठच्या पुढे गेला
आणि आरशात आमचं घर
डावीकडे गेलं, मग उजवीकडे,
मग जरा जास्त डावीकडे.
ब्रेक नको, एवढंच म्हणाला तो.
मी पाय उचलला. स्टिअरिंग सरळ.
बाजूचा दूधवाला टेम्पो लांब पळाला.
हळूहळू ते पुन्हा मागे आलं,
रुसलेलं पोर चार पावलं मागून येतं तसं.

दहिसरच्या अलीकडे कडेला थांबलो.
मागचं कपाट मीच उघडलं.
चादरीत गुंडाळलेला कडाप्पा,
आमच्या ओट्याचा, सिंकजवळचा तुकडा,
कोपऱ्यात माझ्या कुकरने पाडलेला टवका.
किती किलो?
असेल चाळीस.
कधी काढलास?
मजूर जेवायला गेले होते तेव्हा.

मी काय बोलणार होते ते विसरले.
दोघांनी तो उचलून पुढे नेला,
चाकांच्या थोडा पुढे, पट्ट्याने बांधला.
मागे हलका, पुढे जड, तो पुटपुटला,
आणि हे मला माहीत होतं गं.

भाईंदर, उत्तन, मग गोराई.
ग्रेसीबाईच्या वाडीत दोन माडांमधली जागा.
तो मागे जाऊन उभा राहिला
हात वर करून, जसा सत्तावीस वर्षं राहिला असेल,
हातात झेंडी नाही, ग्रेसीबाईचा टॉवेल.
मी डावीकडे नेते तर ते उजवीकडे जातं.
तीनदा चुकलं. चौथ्यांदा मी हात स्टिअरिंगच्या खाली धरला
आणि ते गेलं, म्हणेन तिकडे.

आधी चाकांना गुटके, मग खटका.
गॅसच्या जोडावर साबणाचा फेस, बुडबुडा नाही.
मग आत जाऊन मी लिंबू जमिनीवर ठेवलं.
ते निघालं आणि दारापर्यंत गेलं.
पुढचा पाय वाळूत रुतत होता.
फळी घातली, फळी रुतली.
ग्रेसीबाई म्हणाली, फरशी आणू?
आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

कडाप्पा त्या पायाखाली गेला,
टवका बाहेरच्या बाजूला.
जॅकचे सहा फेरे.
लिंबू हललं, थबकलं,
मधोमध थांबलं.

रात्री वारा खाडीकडून येत होता.
वरण त्या पत्र्याच्या फळीवरच केलं.
मोरेश्वर झोपेत कूस वळला
आणि अंधारात काहीतरी घरंगळलं,
बोटभर.
पुन्हा परतलं.