सतरा नंबर

संकेश्वरात मिरचीच्या अडतीवरची पतसंस्था.
रॅकचं झाकण काढलं आणि आधी सात शिंका.
स्विचच्या पंख्यात लाल धूळ, दोन हंगामांची.

"दुपारी जातंय, सांजचं येतंय," नेसरीकर बाई म्हणाल्या,
"पोराच्या तापासारखं. स्विचच बदला की."
स्विच गेल्याच वर्षी बदललाय.
ते बिल मीच फाडलं होतं.

सतरातली वायर काढून अठरात घातली.
अठराचा दिवा जरा मिणमिणला, मेला.
सतरात दुसरी लावली: हिरवा, ठाम.
म्हणजे पोर्ट सज्जन,
दुखणं वायरीबरोबर चालतंय.

टेस्टरचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं घेऊन गुरुसिद्ध माडीवर, कर्जखात्याच्या टेबलाखाली,
फोन खांद्यात दाबून.
तो म्हणतो, वंदु. मी म्हणतो, एक.
येरडु. दोन.
मूरु. तीन.
चार-पाच घाईत निघून जातात
आणि माझ्याकडे सहा, त्याच्याकडे अंधार.
"आरु?" मी विचारतो.
"नाही रे," तो सांगतो.

पुन्हा फिरवतो. आहे.
पुन्हा. नाही.
सहावी म्हणजे हिरवी, पांढऱ्या-हिरवीची जोडीदारीण;
दोऱ्याएवढं तांबं,
आणि माडीवरचे सगळे हप्ते त्याच्या भरवशावर.

मग पट्टीवरून बोट फिरवत जिना चढलो,
हात-हातभर थांबत, वैदूनं नाडी धरावी तसा.
कर्जखात्याच्या दाराशी एक कॅलेंडर.
पंखा पाचावर गेला की ते हलायचं,
त्याच्यासोबत खिळा,
खिळ्यासोबत पट्टीच्या आतली सहावी.
दुपारी पंखा पाचावर असतो.

"कुणी ठोकला?"
कुणीच नाही.
कॅलेंडर कुठल्या भाषेतलं, मी मुद्दाम बघितलं नाही.
चौकोनांत दुधाचे आकडे होते,
अर्धा, अर्धा, एक, खाडा.

नवी वायर ओढली. आठ रंग ओळीत बसवले,
क्रिंपर कचकन दाबला.
येंटु, वरून आवाज आला. आठ, मी म्हटलं.
बाईंनी चहा दिला
आणि बिलातले पन्नास कमी करून घेतले.

निघताना रॅककडे पुन्हा नजर गेली.
नऊ नंबरला चिठ्ठी नाही.
तिची वायर भिंतीत शिरते, आणि कुठं बाहेर येते
ते आम्हाला तळापासून माडीपर्यंत सापडलं नाही.
दिवा मात्र लुकलुकतोय,
पलीकडं कुणीतरी काहीतरी विचारत असल्यागत.

"काढू?" गुरुसिद्ध म्हणाला.
मी झाकण लावलं.
स्क्रू तीनच होते.