दहा सूत

काका म्हणतात, हवेत विमान कुणाचंही ऐकतं,
त्याचा स्वभाव कळतो तो जमिनीवर.

झेनॉन पाव्लुक, वय एकाहत्तर.
सस्कॅचवानच्या सपाटीवर, कापलेल्या कनोलाच्या खुंटांना लागून,
पूर्वी कंबाइन उभं असायचं त्या पत्र्याच्या शेडमध्ये
चौदा हिवाळे घालून त्यांनी बांधलेलं हे पिवळं, दोन आसनांचं.
उडतं छान.
उतरलं की मात्र डावीकडे ओढतं,
तबेला दिसलेल्या घोड्यासारखं,
आणि डाव्या टायरची आतली कड
झिजून गुळगुळीत झालीय.

आज मला बोलावलंय टेपचं दुसरं टोक धरायला.

आसनांवर जवसाची दोन पोती, पट्टे बांधून
(काकू म्हणाली, पोती निदान सल्ले देत नाहीत).
चाकांखाली पत्र्याचे दोन-दोन तुकडे, मध्ये ग्रीस,
म्हणजे ओझं आल्यावर पाय
खरोखर जसे पसरतात तसे पसरतील, लाजणार नाहीत.
नाकाशी ओळंबा सोडला, शेपटीशी ओळंबा सोडला,
दोन खुणांवरून निळी दोरी ताणून
काकांनी टिचकी मारली.
नाकासमोर चालणं म्हणजे नक्की काय,
ते सिमेंटवर उमटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

चाकांना टेकवलेल्या चार-चार फुटी पट्ट्या.
मागे मोजलं.
पुढे मोजलं.
पुढे दहा सूत जास्त.
काकांनी टोकं बदलून पुन्हा मोजायला लावलं,
माझा अंगठा खोटं बोलत असेल म्हणून.
दहाच.
उजवं चाक रेघेला धरून, शहाण्यासारखं.
डावं फेंगडं.

डाव्या पायाला भोकं पाडली होती याकीवने.
याकीव म्हणजे माझे बाबा.
हे आम्ही दोघंही बोललो नाही.
शेडमध्ये स्टोव्ह तेवढा पुटपुटत राहिला.

त्यानंतरच कधीतरी पूर्वेकडची जमीन निघाली,
विकायची, नाही विकायची,
आणि दोघे भाऊ सहा वर्षं
एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या दारांनी जात राहिले.
सातव्या वर्षी बाबांना मधल्या दाराने नेलं,
सहा जणांनी उचलून.
त्यातले एक काका.

चार बोल्ट. चौथा अडला, मग सुटला.
आस बाजूला केला
तर पायाच्या उघड्या धातूवर पेन्सिल,
आमच्या घरच्या भाषेत,
किराणा लिहायचे त्याच तिरक्या अक्षरात:
वाकडं गेलं. दीड अंश. झेनॉनला सांगणे.

काकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, लावला.
कागदावर आकडेमोड केली, बराच वेळ.
"दीडच," म्हणाले.
"बरोबर मोजलं होतं त्याने."

नवीन भोकं पाडता येतील ना, मी विचारलं.
"आणि जुनी कुठे जातील?"

म्हणून पाचर.
माणसांत मारली की फट पाडते तीच,
इथे दीड अंशाची, तळहाताएवढी, अॅल्युमिनियमची.
"जाड कड मागे," ते सांगतात,
"पातळ पुढे. उलटी बसवलीस तर
दुप्पट वाकडं."
बसवण्याआधी फडक्याने त्यांनी सगळा पाय पुसला,
काळं तेल, जुनी धूळ, एक वाळलेला कोळी,
फक्त पेन्सिलच्या भोवतीने फडकं वळून गेलं.

पुन्हा पट्ट्या, पुन्हा ग्रीस, पुन्हा माझा अंगठा.
एक सूत राहिलं.
"राहू दे. गवतावर उतरायचंय, काचेवर नाही."

संध्याकाळी वारा पडल्यावर ते एक चक्कर मारून आले.
मी कुंपणाशी उभी.
चाकं टेकली, शेपटी टेकली,
आणि विमान सरळ येता येता
उजवीकडे निघालं.

इंजिन बंद केल्यावर बराच वेळ ते आतच बसून होते.
मग दार उघडून
आपल्याच उजव्या बुटाकडे बघत म्हणाले,
"सवय. डावीकडे ओढेल म्हणून
हा अजून दाबतोच आहे."