अंगठा

गांगुर्ड्यांच्या रेशन दुकानातलं यंत्र म्हणालं, नाही.
पदराला पुसला, फुंकर घातली,
केसांतलं तेल लावून दाबला.
तरी नाही.
गांगुर्डे हसले नाहीत. म्हणाले,
सगुणाबाई, तुमच्या बोटांवर तुम्ही राहिलाच नाहीत.
त्या महिन्याचा तांदूळ पोराच्या अंगठ्यावर आला.

खरंच होतं ते.
गंगापूर रोडच्या चार घरांत
नऊ वर्षं मी थोडीथोडी फरशीवर सांडत आले होते.
एका बाटलीतलं ॲसिड, दुसरीतलं ब्लीच,
आणि एकदा, दिवाळीच्या घाईत, दोन्ही एकदम.
दार लोटलेलं, खिडकी बंद.
छातीत कुणी मूठ घातली.
कुलथेबाई बाहेरून, झालं का गं?
मला खोकल्यातून एक ‘हो’ काढता येईना.

रविवार कारंजाला मुबीनभाईंची ज्यूसची गाडी.
मोसंबीची सालं पोतंभर, फुकट.
त्यांच्या सुनेनं, नाझनीननं,
बिलाच्या पाठीवर लिहून दिलं:
गूळ एक, सालं तीन, पाणी दहा.
काच नको, फुटेल. बाटली गळ्यापर्यंत भरू नको.
आणि पहिला महिना रोज झाकण सैल कर, भाभी,
नाहीतर ती स्वतःच बोलेल.

खाटेखाली दोन बाटल्या.
रोज रात्री फुस्स.
शेजारची रखमा भिंतीपलीकडून,
काय गं, द्राक्षाची का?
मी म्हटलं, हो, कुलथेबाईंच्या संडासाला पाजायचीय.

गणपतीत भरलेली, दिवाळीला गाळली.
चहाच्या रंगाचं पाणी, आंबूस.
फरशी पुसली तर कुलथेबाई नाक वर करून उभ्या.
वासच येत नाही गं.
पाहुण्यांना कळणार कसं, साफ केलंय ते?
बाटलीनं तीन महिने शिकवलं होतं,
त्या दिवशी मीही झाकण सैल केलं:
बाई, चप्पल काढा. तळव्यानं बघा.
त्यांनी काढली.
पुढे काही बोलल्या नाहीत,
पण हिरवी बाटली परत आणली नाही.

सगळं जमलं असं नाही.
खळदकरांच्या संगमरवरी ओट्यावर मी शहाणपणानं
व्हिनेगर ओतलं. तळहाताएवढी चकाकी गेली.
तिथे आता दुधाचं पातेलं असतं.
आणि संडासातला जुना पिवळा थर
सालांच्या पाण्याला खुशाल हसतो.
त्याला लिंबूसत्व लागतं, रात्रभर,
आणि सकाळी माझा दंड.
तव्याला सोडा, तांब्याला चिंच;
चिंच तर आईच्या हातातच होती,
मीच मधे पाकिटातली पूड शोधत
भांडी बाजार पालथा घालायची.

पौषात पुन्हा रांगेत.
अंगठा ठेवला. नाही.
मागची माणसं पिशव्या हलवायला लागली.
गांगुर्डे म्हणाले, मधलं बोट द्या.
यंत्र जरा थांबलं,
जसं कुणी लग्नात तोंड आठवत थांबतं,
आणि हिरवं झालं.
आतून एका बाईनं माझं नाव घेतलं,
तांदूळ किती, गहू किती, सांगितलं.

घरी येईपर्यंत पिशवी डाव्या हातात धरली.
उजव्या अंगठ्यावर, उन्हात, तिरपा धरून पाहिलं तर
एक रेघ होती.
दुसरी असावी.