बारदान

मागावर बावीस वर्षं काढली की कान जातात.
डंडीत याला कोणी आजार म्हणत नाही.
पगारासोबत येतं ते, तागाच्या धुळीसारखं,
अंगाला चिकटलेल्या व्हेलच्या तेलाच्या वासासारखं.
आम्ही विणकरणी मग ओठ वाचतो.
चार मागांपलीकडच्या इफी लेंगला मी विचारते,
चहाला दूध उरलंय का,
आणि तिचे ओठ म्हणतात, नाही,
आणि मागे बघ, मुकादम.

तर त्या संध्याकाळी सभागृहात
राणीची तसबीर होती, दोन्हीकडे निशाणं,
बॅन्डवाल्यांचे फुगलेले गाल.
मालक ऑख्टरलोनी बोलायला उभे राहिले.
मला अक्षर ऐकू आलं नाही,
सगळं दिसलं.

मायभूमी म्हणायला तीनदा ओठ मिटावे लागतात,
माणूस पाव चावत असावा तसे.
कर्तव्य म्हणताना दात दिसतात.
दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या बांधवांवर अन्याय होतोय,
असं म्हणताना त्यांनी रुमाल काढला होता,
त्यामुळे ते वाक्य माझं अर्धं राहिलं.

टोप्या उडाल्या. मालक बसले.
शेजारी बँकेचे एजंट होते, त्यांच्याकडे झुकले,
तोंडाला आडवा हात धरला
लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून.
मी बाजूच्या बाकावर होते.
दहा लाख वाळूच्या पिशव्या, ते म्हणाले.
शिवाय सोनं. (सोनं म्हणताना ओठ गोल होतात, मिटत नाहीत.)
फक्त वसंतापर्यंत संपू नये म्हणजे झालं.

पोटात एक, ओठांत एक, असं म्हणतात.
या माणसाचं दोन्ही ओठांतच होतं.
एक उभं राहून बोलायचं,
एक बसून.

आणि मी काय केलं?
टाळ्या वाजवल्या.
शेजारणीने कोपर मारलं आणि मी वाजवल्या,
आणि मनात जादा तासांचा हिशोब मांडला.

माझा वॉटी तेव्हा अठराचा.
अठरा झाली की पुरुषाची मजुरी द्यावी लागते,
म्हणून गिरणी पोरांना वाढदिवसाची भेट देते: नारळ.
चार महिने घरी बसून चहाची किटली उकळत होता,
गल्लीतल्या सगळ्या पुरुषांसारखा.
देशाने त्याला बोलावलं, असं पाद्री म्हणाले.
खरं तर गिरणीने सोडलं आणि देशाने झेललं,
मधल्या मधे, जमिनीला न लागू देता.
बूट मात्र नवे मिळाले. जन्मात पहिल्यांदा.

त्या हिवाळ्यात आम्ही रात्रीपण विणलं.
शनिवारी घरात मटण शिजलं.
मी पिसाची टोपी घेतली. ती अजून आहे.

पहिल्या पत्रात त्याने लिहिलं:
आई, इथे आपल्या गिरणीची पोती आहेत,
तांबडी रेघ ओळखली मी.
त्यांच्यामागे डोकं खाली घालून बसतो.
एखादी तुझ्या हातची असेल.
हे पत्र मी मागावर चिकटवलं होतं.

पुढची पत्रं आखूड होत गेली.
शेतघरं जाळायचा हुकूम आलाय.
आधी धान्य बाहेर काढतो,
त्याला बारदान लागतं, ते भरपूर आहे.
बायका गाड्यांमध्ये.
बस्स. खाली सही.

परत आला धडधाकट.
स्टेशनवर तोच बॅन्ड, तेच गाल.
ऑख्टरलोनींनी त्याचा हात हातात घेतला,
मायभूमी म्हणाले, तीनदा ओठ मिटले,
मग कारकुनाकडे वळून विचारलं,
हा कुठल्या खात्यातला?

वॉटी बोलत नाही.
ओठ मिटून खिडकीशी बसतो, किटली उकळतो.
वाचायला काही ठेवत नाही तो मला.

झोपेत मात्र हलतात.
मी मेणबत्ती धरून उशाशी बसते
आणि रोज तेच लागतं:
आधी कोंबड्या सोडा.
आधी कोंबड्या सोडा रे.
मग काडी.

पाचला भोंगा होतो म्हणतात.
मला तो ऐकू येत नाही.
माग सुरू झाले की जमीन हलते,
तेव्हा उठते, टोपी घालते,
उशीर झालेला असतो.