सोहारच्या अलीकडे

दुबईहून मस्कतला जाणारे
इथे पेट्रोल भरतात, कडक चहा घेतात
आणि काचा वर करून निघून जातात.
बरंच आहे.

आम्ही सोहारच्याही अलीकडे,
अकरा किलोमीटर, लिंबांच्या वाडीला लागून.
कुणी पत्ता विचारला तर सांगतो,
पांढऱ्या मशिदीनंतर डावीकडे,
पिकअपच्या टपावर बकरी उभी असेल तिथे.
बकरी नसेल तर थोडं थांबा.

शुक्रवारी उतरत्या उन्हात बैलांची टक्कर.
रक्त नाही,
नुसतं डोक्याला डोकं, आणि धूळ.
खलफान मकबाली आपल्या बैलाला
खजूर आणि सुकी तारली चारतो.
हरला तरी चारतो.
मी म्हटलं, आमच्या कवठेमहांकाळला बैल पळवतात.
तो म्हणाला, पळून जायचंय कुठे?
यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

बायको फोनवर बहिणीला सांगते,
नाही गं, मॉल एकच.
हो, समुद्र आहे. छे, फोटो काढण्यासारखा नाही.
आणि फोन ठेवून
चपला हातात घेऊन त्याच समुद्रावर जाते,
जाळं ओढणाऱ्यांच्या दोरीला हात लावते.
परतते तेव्हा ओढणीत
त्यांनी दिलेले दोन बांगडे,
वाळूसकट.

कंपनीने मस्कतची बदली देऊ केली.
पगार जास्त, मुलीची शाळा जवळ.
विचार करून सांगतो म्हटलं.
घरी आलो तर दारात लिंबांची टोपली,
कुणी ठेवली पत्ता नाही.
लोणच्याला मीठ किती,
त्या रात्री एवढाच विचार झाला.