नव्वद सेकंद

आउने राउतिओलाने सहा वर्षं घालवली
एका बाईला गोठलेल्या समुद्रावरून चालवण्यात.
बाई टपाल वाटते. बेटाबेटांवर.
चार तासांचा खेळ, त्यात माणसं भेटतात तीन,
चौथ्या घराचं दार कुणी उघडत नाही.

माझ्याकडे तो आला नव्वद सेकंदांपुरता.
मी ट्रेलर कापतो, हेलसिंकीत, तळघरात.
खिडकीतून लोकांचे फक्त बूट दिसतात.
कंपनीची अट: सोळाव्या सेकंदाला ढोल,
शेवटी कन्सोलचं चिन्ह, खाली दोन शब्द,
फक्त इथेच.

ढोल कुठून आणू?
तिच्या खेळात पावलांशिवाय आवाज नाही.
पावलंही तिच्या भाच्याची, ओस्सीची.
चामड्याच्या पिशवीत बटाट्याचं पीठ भरायचं,
मुठीने दाबायचं, की बर्फ करकरतो.
तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.
आता पंधराचा, आणि त्याच्याकडे
दुसऱ्या कंपनीचं यंत्र.

मी ढोल आणला.
मी बर्फाला तडा पाडला.
खेळात तो एकदाच जातो, तोही लांब, क्षितिजापाशी.
मी सहा वेळा पाडला, सहा कोनांतून.
एका जागी बाई मागे वळते,
पिशवीचा बंद सैल होतो म्हणून, बाकी काही नाही.
तिथे मी ढोल तोडला.
मागे कुणीतरी आहे असं वाटायला हवं.

मग व्हायचं ते झालं.
वाल्पराइसोत एकाने दंडावर ती पिशवी गोंदवली.
लीड्सच्या दोन भावांत बोलणं बंद,
एकाकडे हे यंत्र, एकाकडे ते.
ज्यांच्याकडे होतं ते म्हणाले, आमचा खेळ.
ज्यांच्याकडे नव्हतं ते म्हणाले,
चालण्याचा कसला आलाय खेळ, हट्.
बाजारात तुरी, आणि घरोघरी हाणामारी.
दोघांनी पाहिले होते
माझेच नव्वद सेकंद.

एप्रिलात आउनेचा फोन आला, वासाहून.
रागावली नव्हती. पैसे वेळेवर आले होते,
छप्पर झालं, दातांचं काम झालं.
म्हणाली, लोक विचारतात, बाईच्या मागे कोण आहे.
मी म्हटलं, काही सांगू नकोस, उत्सुकता राहू दे.
जरा थांबून ती म्हणाली,
मग मी कुणाला तरी ठेवू का तिथे?

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.
काहीतरी हसल्यासारखं केलं असेन.

ओस्सीचं विचारलं, तर म्हणाली,
त्याला कशाला हवाय खेळ,
त्याला आवाज पाठ आहे.
भांडी घासताना अजून करून दाखवतो,
ओला स्पंज दाबून. तितका जमत नाही.

खेळ आला त्या रात्री मी यंत्र विकत आणलं.
पूर्ण किमतीला. मला सवलत मिळत नाही.
दिवा मालवून बसलो.
पहिल्या बेटावरचा म्हातारा पत्र न उघडताच
चुलीवर ठेवतो, हे मला माहीतच नव्हतं.
मी ते कापताना पळवत पुढे गेलो असणार.

दोन तास चाललो.
मग पिशवीचा बंद सैल झाला.
बटण दाबलं की बाई वळणार.
अंगठा बटणावर होता.
खिडकीत कुणाचे तरी बूट थांबले,
बराच वेळ थांबले, मग गेले.

मी बंद सैलच ठेवला
आणि पुढे निघालो.
मागे पत्रं पडत असतील.